अमेरिकेत ऑटिझमच्या वर्तन-थेरपीसाठी विम्याची मंजुरी कशी मिळवावी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबात मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले, की काही आठवड्यांतच खर्चाचा प्रश्न समोर उभा राहतो. डॉक्टर ज्या थेरपीची शिफारस बहुधा करतात ती ‘एबीए’, म्हणजे अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस, आठवड्याला दहा तासांपासून चाळीस तासांपर्यंत चालू शकते, आणि एवढ्या तासांचे पैसे विम्याशिवाय भरणे दोन पगार येणाऱ्या घरालाही फार दिवस जमत नाही. कायदा मात्र या बाबतीत पालकांच्या बाजूने बराच पुढे आलेला आहे. इंडियाना राज्याने २००१ मध्ये विमा कंपन्यांना ऑटिझमवरील उपचारांचा खर्च देणे बंधनकारक केले, आणि २०१९ पर्यंत सर्व ५० राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तशी तरतूद झाली. तरीही ‘तुमच्या प्लॅनमध्ये हे बसत नाही’ एवढे फोनवर ऐकून थांबलेली कुटुंबे मला वारंवार भेटतात, आणि पुष्कळदा ते उत्तर चुकीचे किंवा अर्धवट असते. बहुतेक पालक सुरुवात थेरपिस्ट शोधण्यापासून करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की सुरुवात प्लॅनच्या कागदपत्रांपासून करावी, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांवर अवलंबून असते.

पैसे नेमके कोण देते, हे आधी शोधा

विम्याच्या कार्डावर एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव असते, म्हणून उपचाराचे पैसे तीच कंपनी देते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळे प्रकार असतात. ‘फुल्ली इन्शुअर्ड’ प्लॅनमध्ये तुमची कंपनी हप्ता भरते आणि क्लेमचे पैसे विमा कंपनी देते. ‘सेल्फ-फंडेड’ प्लॅनमध्ये क्लेमचे पैसे तुमची कंपनी स्वतःच्या तिजोरीतून देते आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रे सांभाळण्याचे काम करते. राज्यांचे ऑटिझमविषयक कायदे पहिल्या प्रकाराला लागू होतात. दुसरा प्रकार १९७४ च्या ‘एरिसा’ या संघीय कायद्याखाली येतो आणि राज्याचा कायदा त्याला बांधत नाही. मोठ्या कंपन्यांचे, म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या आयटी कंपन्यांत काम करतात त्यांचेही, प्लॅन बहुतांशी सेल्फ-फंडेड असतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या पालकांनी ‘आमच्या राज्यात तर कायदा आहे’ असे म्हणून वाद घालावा आणि तो कायदा त्यांच्या प्लॅनला लागूच नसावा, असे म्हणूनच घडते.

आणखी एक बारकावा असा, की फुल्ली इन्शुअर्ड प्लॅनलाही साधारणपणे ज्या राज्यात पॉलिसी काढली गेली त्या राज्याचा कायदा लागतो. कंपनीचे मुख्यालय टेक्सासमध्ये आणि घर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असेल, तर पॉलिसी कुठली आहे हे विचारून घ्यावे लागते.

हे कळण्याचा मार्ग सोपा आहे. एचआरला ईमेल करून दोन प्रश्न विचारा: आमचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुल्ली इन्शुअर्ड, आणि ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ची, म्हणजे प्लॅनचे नियम सविस्तर सांगणाऱ्या दस्तऐवजाची, पूर्ण प्रत मिळेल का. पोर्टलवर दिसणारे चार-आठ पानांचे माहितीपत्रक म्हणजे हा दस्तऐवज नव्हे. तो बहुधा शंभर पानांच्या आसपास असतो. एरिसाखालील प्लॅनच्या प्रशासकाने लेखी मागणीनंतर ३० दिवसांच्या आत तो देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकते. दंडापर्यंत गोष्ट सहसा जात नाही, पण मागणी लेखी असावी ती याच कारणाने.

प्रत हाती आल्यावर ‘एक्सक्लूजन्स’ (वगळलेल्या गोष्टी) हे प्रकरण आधी वाचा. ‘ऑटिझम’ या एका शब्दावर शोध थांबवू नका. ‘अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस’, ‘इंटेन्सिव्ह बिहेविअरल थेरपी’, ‘डेव्हलपमेंटल डिले’, ‘हॅबिलिटेटिव्ह’ हे शब्दही शोधा, कारण थेरपी एका ठिकाणी मान्य करून दुसऱ्या ठिकाणी वयाची किंवा तासांची मर्यादा घातलेली आढळते. फोनवरच्या प्रतिनिधीने ‘कव्हर नाही’ म्हटले, तर कोणत्या पानावर तसे लिहिले आहे हे विचारा आणि कॉलचा संदर्भ क्रमांक, तारीख व प्रतिनिधीचे नाव एका वहीत टिपून ठेवा.

सेल्फ-फंडेड प्लॅनमध्ये एबीए खरोखरच वगळलेली असेल, तरीही दोन वाटा उरतात. पहिली वाट २००८ च्या मानसिक आरोग्य समानता कायद्याची आहे. ज्या प्लॅनमध्ये मानसिक आरोग्याचे उपचार समाविष्ट आहेत, त्याने त्यांवर शारीरिक आजारांच्या तुलनेत अधिक जाचक मर्यादा घालू नयेत, असा तो कायदा सांगतो. ऑटिझमचे निदान मान्य करायचे आणि त्यावरची प्रमुख थेरपी मात्र सरसकट वगळायची, हे या तत्त्वात बसते का, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला आहे आणि कॅलिफोर्नियाच्या उत्तर विभागातील संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये अशा वगळणुकीविरुद्ध निकाल दिला आहे. त्याच वर्षापासून प्लॅनने अशा मर्यादांचे तुलनात्मक विश्लेषण लेखी तयार ठेवणे सक्तीचे झाले. ते विश्लेषण लेखी मागा. मागणीने काही हालत नसेल, तर अमेरिकी श्रम खात्याच्या ‘एब्सा’ या विभागाकडे (१-८६६-४४४-३२७२) तक्रार करा; तिथले सल्लागार मोफत मदत करतात आणि प्लॅनशी स्वतः संपर्क साधतात. पन्नास किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या कंपनीच्या सेल्फ-फंडेड प्लॅनला हा समानता कायदा सहसा लागू होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

दुसरी वाट म्हणजे कंपनीलाच थेरपी समाविष्ट करायला सांगणे. प्लॅन कंपनीचा असल्यामुळे हा निर्णय ती घेऊ शकते. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्येच तो घेतला होता. कंपनीत अशी आणखी कुटुंबे असतील तर सर्वांनी मिळून निवेदन द्यावे, आणि ते उन्हाळा संपण्याआधी द्यावे, कारण जानेवारीपासून लागू होणाऱ्या प्लॅनची रचना ओपन एनरोलमेंटच्या, म्हणजे दरवर्षी प्लॅन निवडण्याच्या मुदतीच्या, बरीच आधी ठरलेली असते. ऑक्टोबरात निवेदन दिले, तर वर्ष वाया जाते.

निदानाचा अहवाल

विमा कंपनीला परवानाधारक तज्ज्ञाचे वैद्यकीय निदान लागते: डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बाल-मानसशास्त्रज्ञ, बाल-मनोविकारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. शाळेने विशेष शिक्षणासाठी दिलेले वर्गीकरण यासाठी चालत नाही. पुण्यात किंवा मुंबईत झालेले मूल्यमापन इतिहास म्हणून जोडावे, पण इथल्या परवानाधारक तज्ज्ञाकडून अहवाल करून घेण्याची तयारी ठेवावी. अहवालात निदानाचा कोड एफ ८४.०, वापरलेल्या चाचण्यांची नावे व गुण, आणि एबीएची स्पष्ट शिफारस असली पाहिजे. ‘थेरपीचा फायदा होऊ शकेल’ असे मोघम वाक्य असेल, तर ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे’ असे लिहून द्यायला तज्ज्ञांना विनंती करा. तज्ज्ञांच्या भेटीसाठी काही महिने थांबावे लागते, म्हणून दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी नाव नोंदवावे. मूल तीन वर्षांखालचे असेल, तर राज्याचा अर्ली इंटरव्हेन्शन कार्यक्रम या निदानाची वाट न पाहता सुरू करता येतो.

मूल्यमापनाच्या वेळी मराठी घरांनी एक काळजी घेतलीच पाहिजे. मूल ‘पाणी’, ‘नको’, ‘अजून’, ‘वर घे’ असे म्हणत असेल आणि समोरच्या तज्ज्ञाला मराठी येत नसेल, तर हे बोलणे अर्थहीन आवाज म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. मूल जे शब्द वापरते त्यांची यादी रोमन लिपीत, अर्थासह, आधीच देऊन ठेवा. पुढे प्रगती मोजली जाईल ती याच नोंदींच्या तुलनेत, आणि मुलाला खरोखर येणारे शब्द त्यांत नसतील तर थेरपीची उद्दिष्टेही चुकीच्या ठिकाणापासून सुरू होतात.

मंजुरी दोनदा घ्यावी लागते

प्लॅनमध्ये थेरपी असणे आणि तुमच्या मुलासाठी ती मंजूर होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी मूल्यमापनासाठी मंजुरी लागते, मग त्यातून निघालेल्या उपचार-आराखड्यासाठी. आराखडा ‘बीसीबीए’ ही पात्रता असलेला तज्ज्ञ लिहितो. रोजचे काम त्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित तंत्रज्ञ करतो, ज्याला ‘आरबीटी’ म्हणतात.

मंजुरीपत्रावर जे आकडे दिसतात ते समजून घेतल्याशिवाय पत्र बाजूला ठेवू नका. २०१९ पासून वापरात असलेल्या कोडांपैकी ९७१५१ म्हणजे मूल्यमापन, ९७१५३ म्हणजे तंत्रज्ञाने मुलासोबत केलेले काम, ९७१५५ म्हणजे बीसीबीएने आराखड्यात बदल करत केलेले काम, आणि ९७१५६ म्हणजे पालकांचे मार्गदर्शन. यांतले प्रत्येक युनिट १५ मिनिटांचे असते. आठवड्याला २५ तास म्हणजे १०० युनिट, आणि २६ आठवड्यांसाठी २,६०० युनिट. पत्रावर ९७१५३ समोर १,३०० युनिट दिसत असतील, तर विमा कंपनीने निम्मेच तास मंजूर केले आहेत. ही अंशतः नामंजुरी आहे आणि तिच्याविरुद्धही अपील करता येते, ही गोष्ट कित्येक पालकांना कुणी सांगतच नाही.

ऑटिझम सेवा देणाऱ्या संस्थांच्या ‘कास्प’ या परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत मोजक्या उद्दिष्टांवर केंद्रित उपचारासाठी आठवड्याला १० ते २५ तास आणि सर्वंकष उपचारासाठी ३० ते ४० तास असा पल्ला दिलेला आहे. मागणी करताना तज्ज्ञ याचा आधार घेतात. माझे मत मात्र असे आहे, की जास्तीत जास्त तास मिळवणे हे ध्येय नसावे. एबीएच्या काही पद्धतींबद्दल ऑटिझम असलेल्या प्रौढांनीच गंभीर आक्षेप घेतलेले आहेत, आणि चार वर्षांच्या मुलाच्या दिवसात खेळायला, झोपायला, आजीशी बोलायला वेळ उरला पाहिजे. किती तास आणि कशासाठी, हे आधी घरात आणि तज्ज्ञासोबत ठरवा. मग ठरलेल्या तासांसाठी विम्याशी नेटाने भांडा. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीची मंजुरी वेगळी असते, तीही सोबतच मागावी.

उद्दिष्टांच्या भाषेवर बारीक लक्ष ठेवा. ‘अक्षरे ओळखणे’, ‘रंग सांगणे’ अशी उद्दिष्टे आराखड्यात पुढे असली, की ‘हे शैक्षणिक आहे, शाळेने करावे’ असे कारण देऊन नकार येतो. गरज सांगून दाखवणे, रस्त्यावर पळून न जाणे, स्वतःला इजा न करणे, शौचाची सवय, जेवणातील अडचणी ही कार्यक्षमतेची आणि सुरक्षिततेची उद्दिष्टे आहेत आणि विमा त्यांच्यासाठीच आहे.

नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला, थेरपिस्ट मिळत नसेल, तर प्लॅनच्या यादीतील केंद्रांना फोन करून प्रत्येकाचे उत्तर तारखेसह लिहून ठेवा: नवी मुले घेत नाही, इतक्या महिन्यांची प्रतीक्षा आहे, क्रमांक बंद आहे. मग ही यादी जोडून ‘नेटवर्क गॅप एक्सेप्शन’ लेखी मागा. मान्य झाल्यास नेटवर्कबाहेरच्या केंद्रासोबत विमा कंपनी तुमच्या मुलापुरता करार करते आणि तुम्हाला नेटवर्कमधल्या दराने सेवा मिळते.

खर्चाचा हिशेब

मंजुरी मिळाली म्हणजे थेरपी फुकट झाली असे नव्हे. एका भेटीचा को-पे, म्हणजे प्रत्येक भेटीला तुम्ही भरायची ठरावीक रक्कम, ३० डॉलर असेल आणि थेरपी आठवड्यातून पाच दिवस असेल, तर वर्षाचे ७,८०० डॉलर होतात. प्रत्यक्षात यावर नेटवर्कमधल्या ‘आउट-ऑफ-पॉकेट’ मर्यादेचा, म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून जाऊ शकणाऱ्या कमाल रकमेचा, लगाम असतो: २०२५ साठी कायद्याने ती एका व्यक्तीला जास्तीत जास्त ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर ठेवलेली होती, आणि पुष्कळ कंपन्यांच्या प्लॅनची मर्यादा याहून कमी असते. कुटुंबाचा प्लॅन असला तरी एकट्या मुलाच्या नावावर वैयक्तिक कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त रक्कम लावता येत नाही. म्हणून ओपन एनरोलमेंटच्या वेळी स्वस्त हप्त्याला भुलू नका. ज्या घरात वर्षभर थेरपी चालणार आहे, त्या घराने ही मर्यादा गाठली जाणार असे गृहीत धरून वर्षभराचा हप्ता आणि मर्यादा यांची बेरीज करावी आणि जिथे ती कमी तो प्लॅन घ्यावा. एका दिवसात दोन सत्रे झाली तर को-पे एकदा लागतो की दोनदा, हेही विचारून ठेवा.

नकार आल्यावर

नकाराचे पत्र आले की घरात निराशा पसरते. ती समजण्यासारखी आहे, पण पत्र मिळाल्यापासून मुदत मोजली जाऊ लागते, म्हणून पहिल्याच आठवड्यात कामाला लागावे.

प्रथम थेरपिस्टला ‘पीअर-टू-पीअर’ मागायला सांगा, म्हणजे तो विमा कंपनीच्या तज्ज्ञाशी थेट बोलतो. तास कापले गेले असतील तर पुष्कळ प्रकरणे इथेच सुटतात. त्याच वेळी तुम्ही स्वतः लेखी मागणी करून क्लेमची संपूर्ण फाइल, निर्णयासाठी वापरलेले निकष आणि वैद्यकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची ओळख मागवा. कंपनीच्या प्लॅनमध्ये हे सर्व विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ऑटिझम असलेल्या लहान मुलांसोबत कधी काम न केलेल्या व्यक्तीने निर्णय दिला असेल, तर अपिलात ते नमूद करावे.

अंतर्गत अपील करण्यासाठी १८० दिवस मिळतात. उपचार अजून व्हायचे असतील तर विमा कंपनीने ३० दिवसांत, झालेल्या उपचारांच्या बिलांबाबत ६० दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत उत्तर द्यायचे असते. आधीच मंजूर झालेला, चालू असलेला उपचार मध्येच कापला जात असेल, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो सुरू ठेवण्याची मागणी पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात करा.

अपिलाचे पत्र भावनेने भरू नये. नकारपत्रातील प्रत्येक कारण उद्धृत करून त्याखाली उत्तर द्यावे. समजा, ‘प्रगती थांबली आहे’ असे कारण दिलेले आहे. त्याखाली थेरपिस्टच्या नोंदी मांडा: सहा महिन्यांपूर्वी मूल स्वतःचा हात दिवसातून किती वेळा चावत असे आणि आज किती वेळा चावते, मदतीशिवाय किती मागण्या शब्दांत किंवा चित्रांनी करते, आणि तास कमी झालेल्या काळात हे आकडे कोणत्या दिशेने गेले. त्यापुढे त्यांच्याच निकषातील कलम लिहा आणि हे आकडे त्यात कसे बसतात ते दाखवा. सोबत बालरोगतज्ज्ञाचे आणि निदान करणाऱ्या तज्ज्ञाचे पत्र जोडा. सगळे पोचपावतीसह पाठवा किंवा फॅक्स करून त्याची नोंद जपून ठेवा.

अंतर्गत अपील फेटाळले गेले, तर वैद्यकीय आवश्यकतेच्या वादात ‘एक्स्टर्नल रिव्ह्यू’चा हक्क मिळतो. अंतिम नकारानंतर चार महिन्यांच्या आत तो मागावा लागतो. विमा कंपनीशी संबंध नसलेला तज्ज्ञ फाइल पाहतो, साधारण ४५ दिवसांत निर्णय देतो आणि तो निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. फुल्ली इन्शुअर्ड प्लॅनसाठी बहुधा राज्याची यंत्रणा असते. कॅलिफोर्नियात बहुतेक प्लॅनसाठी ‘डीएमएचसी’ या राज्याच्या नियामक विभागाकडे स्वतंत्र वैद्यकीय पुनर्विलोकन मागता येते. सेल्फ-फंडेड प्लॅनसाठी संघीय पद्धत असते आणि तिचा पत्ता अंतिम नकारपत्रातच दिलेला असतो. इथवर येऊन पालक थकतात आणि ही शेवटची पायरी सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण तोवर सगळी कागदपत्रे तयार झालेली असतात आणि निर्णय पहिल्यांदाच तिऱ्हाइताच्या हाती जाणार असतो.

मेडिकेड आणि व्हिसाचा प्रश्न

मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा फक्त अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी असतो, हा समज अपंगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वत्र खरा नाही. पेनसिल्व्हेनियात पालकांचे उत्पन्न न पाहता अशा मुलाला मेडिकेड मिळू शकते, आणि इतर अनेक राज्यांत वेव्हरच्या, म्हणजे नेहमीच्या नियमांतून सूट देणाऱ्या कार्यक्रमांच्या, मार्गाने तशी सोय आहे. तिथे प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून निदान होताच नाव नोंदवावे. २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार देणे मेडिकेडवर बंधनकारक आहे, आणि ऑटिझमच्या उपचारांनाही हे लागू होते हे केंद्रीय यंत्रणेने जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केले. नोकरीचा विमा पहिला आणि मेडिकेड दुसरा अशी जोडी जमली, तर को-पेचा भारही हलका होतो.

आपल्याकडे पुष्कळदा पालक एच-१बी व्हिसावर आणि मूल जन्माने अमेरिकी नागरिक अशी स्थिती असते. पात्रता ठरते ती मुलाच्या नागरिकत्वावर. मूलही व्हिसावर असेल, तर राज्यागणिक नियम बदलतात. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असताना सरकारी मदत घेण्याबद्दलचे नियम सरकारनुसार फिरत आलेले आहेत, तेव्हा या एका प्रश्नावर इमिग्रेशन वकिलाची फी देऊन सल्ला घ्यावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये.

नोकरी बदलली किंवा गेली तर

मंजुरी प्लॅनची असते, त्यामुळे प्लॅन बदलला की ती नव्याने घ्यावी लागते. नवी ऑफर स्वीकारण्याआधीच त्या कंपनीचा समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागा. मुलाचे नाव किंवा निदान सांगण्याची गरज नाही, प्लॅनची कागदपत्रे हवी आहेत एवढे म्हणणे पुरते. नव्या प्लॅनमध्ये जुना थेरपिस्ट नेटवर्कबाहेर जात असेल, तर पहिल्याच दिवशी ‘ट्रान्झिशन ऑफ केअर’चा, म्हणजे काही काळ त्याच थेरपिस्टकडे उपचार चालू ठेवण्याचा, अर्ज भरा.

लेऑफ झाल्यास २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा प्लॅन ‘कोब्रा’ या संघीय कायद्याखाली साधारण १८ महिने स्वखर्चाने चालू ठेवता येतो. निवड करण्यासाठी ६० दिवस मिळतात आणि हप्ते भरल्यावर विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे त्या मुदतीत नवी नोकरी आणि नवा विमा मिळाला तर कदाचित कोब्रा घ्यावाही लागत नाही. थेरपी केंद्राला मात्र ही स्थिती लगेच कळवावी, नाहीतर बंद झालेल्या विम्यावर बिले जातात आणि नाकारलेली बिले पुढे तुमच्या नावावर येतात. शेवटचा कार्यदिवस आणि विम्याचा शेवटचा दिवस एकच असतो की विमा महिनाअखेरपर्यंत चालतो, हे एचआरकडून त्याच दिवशी लेखी घ्या आणि त्या तारखेच्या आत आतापर्यंतचा प्रगती-अहवाल बीसीबीएकडून लिहून घ्या, कारण नव्या विमा कंपनीचा अर्ज त्याच अहवालावर भरला जाणार असतो.